बिब्बा उततो तसा: एक्झिमा किती जणांना होतो आणि किती रूपांत

मराठीत दूध उतू जातं आणि बिब्बाही उततो. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की एक-दोन दिवसांत तिथली कातडी सुजते, बारीक फोड येतात, ते फुटून लस वाहते आणि खाज अशी सुटते की माणूस रात्रभर तळमळतो. गावाकडे याला दोन शब्द पुरतात: ‘बिब्बा उतला.’ ग्रीक भाषेत ‘उकळून बाहेर येणं’ अशा अर्थाचं एक क्रियापद आहे, ‘एक्झिमा’ हा शब्द त्यावरून आला. एकमेकींपासून इतक्या दूरच्या दोन भाषांना त्वचेकडे बघून चुलीवरचं भांडंच आठवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडे एक्झिमाला इसब म्हणतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर हे नाव लिहिलं की घरी तेच प्रश्न पडतात. हा नायटाच ना? दुसऱ्याला लागतो का? रक्त बिघडलंय का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण नुसतं ‘नाही’ ऐकून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा मुळापासून बघू.

‘ताप’ हा शब्द घ्या. ताप आलाय म्हटल्यावर आपण लगेच विचारतो, मलेरियाचा की डेंग्यूचा? कारण ताप ही खूण आहे, त्यामागचा आजार वेगळा असतो. एक्झिमाचं तसंच आहे. खाज सुटणारा, कधी ओला कधी कोरडा असा त्वचेचा दाह, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टर त्याला डर्मटायटिसही म्हणतात. तो कशामुळे झाला आणि कुठल्या जातीचा आहे, हे त्या नावात सांगितलेलं नसतं. ते विचारावं लागतं.

सारवलेली जमीन आणि मुंग्या

शेणानं सारवलेली जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्वचेचं काम पटकन कळेल. त्वचेचा सगळ्यात वरचा थर चपट्या, मेलेल्या पेशींचा असतो, आणि त्या पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. हे लिंपण नीट असलं की आतली ओल आत राहते आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू, परागकण बाहेर राहतात. लिंपण झिजलं की जमिनीला भेगा पडतात, ओल उडून जाते आणि भेगांतून मुंग्या आत शिरतात.

त्वचेखाली आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी पहाऱ्यावर असतात. मुंग्या दिसल्या की त्या गलका करतात. तिथे रक्त धावतं, सूज येते, खाज सुटते. आपण खाजवतो, नखांनी भेगा रुंदावतात, आणखी मुंग्या येतात. खाजेतून खाजवणं आणि खाजवण्यातून खाज, हे रहाटगाडगं प्रत्येक प्रकारच्या एक्झिमात असतं. फरक असतो तो सुरुवात कुठून झाली यात. कुणाच्या जमिनीला मुळातच भेगा असतात. कुणाची जमीन चांगली असते, पण बाहेरून मारा एवढा होतो की ती फुटते. आणि कुणाच्या जमिनीत खालून ओल येते.

किती जणांना होतो?

मुळातच भेगा असणाऱ्या प्रकाराला अॅटोपिक एक्झिमा म्हणतात. सगळ्यांत जास्त मोजणी याचीच झाली आहे. २०२२च्या जागतिक अहवालानुसार जगात सुमारे २२ कोटी लोकांना हा त्रास आहे, आणि त्यांतले चार कोटींहून जास्त एक ते चार वर्षांची मुलं आहेत. श्रीमंत देशांत शंभरातल्या पंधरा-वीस मुलांना तो होतो. सगळे प्रकार एकत्र धरले तर अमेरिकेत साधारण दहातल्या एका माणसाला एक्झिमा आहे.

भारतात आकडे कमी निघतात. अनेक देशांत एकच प्रश्नावली वापरून सहा-सात वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा भारतातल्या एका केंद्रावर ०.९ टक्के मुलांना एक्झिमा आढळला आणि इक्वेडोरमधल्या एका केंद्रावर २२.५ टक्के. एवढी तफावत कशी? जनुकं, हवामान, शहरी राहणी, लहानपणी मातीशी आणि जंतूंशी आलेला संबंध, अशी कारणं मांडली जातात. त्यांतलं कुठलंही एक कारण पुरं पडत नाही.

मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पाठ्यपुस्तकांतली चित्रं बरीच वर्षं गोऱ्या त्वचेची होती, त्यामुळे एक्झिमा म्हणजे लाल चट्टा हे समीकरण पक्कं झालं. सावळ्या त्वचेवर तो लाल दिसेलच असं नाही. तो काळपट, जांभळट, करडा दिसतो, किंवा केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या येऊन कातडी काट्यासारखी खरखरीत लागते. लाल रंग शोधणाऱ्या डोळ्यांना हा एक्झिमा दिसतच नाही.

भेगा जन्मापासूनच्या

अॅटोपिक एक्झिमा बहुतेकांना पाच वर्षांच्या आत सुरू होतो. तान्ह्या बाळाचे गाल आणि कपाळ खरखरीत होतं, कधी ओलंही होतं. रांगायला लागल्यावर गुडघे आणि कोपरं. शाळकरी वयात तो कोपराच्या आतल्या वळीत आणि गुडघ्यामागे जाऊन बसतो. घरात कुणाला दमा किंवा सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागण्याचा त्रास असतो, आणि मुलालाही पुढे तो होऊ शकतो.

या भेगांचं एक कारण २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांना सापडलं. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवतं. ते बनवणाऱ्या जनुकात बिघाड असला की लिंपण पातळ होतं. युरोपात साधारण दहातल्या एकाच्या अंगी हा बिघाड असतो. अशांच्या तळहातांवर रेषांचं दाट जाळं दिसतं, तरीही त्या सगळ्यांना एक्झिमा होत नाही. बिघाड म्हणजे कमजोरी. तिला मुंग्याही भेटाव्या लागतात.

पालकांना यात दिलाशाची बाब म्हणजे बहुतेक मुलांचा त्रास वयात येईपर्यंत पुष्कळ कमी होतो. काहींची त्वचा मात्र जन्मभर कोरडी आणि हळवी राहते.

याचाच एक सौम्य भाऊबंद मराठी घरांत फार गैरसमज पसरवतो. मुलांच्या गालांवर फिकट पांढरे, किंचित खरखरीत डाग येतात. उन्हानं बाकीचा चेहरा रापला की ते जास्त उठून दिसतात. मग कुणी म्हणतं पोटात जंत झालेत, कुणी म्हणतं कॅल्शियम कमी पडलंय, आणि आई रात्री झोपत नाही कारण तिच्या मनात ‘कोड तर नाही?’ हेच असतं. हा पिटिरियासिस अल्बा, हलक्या एक्झिमाचा प्रकार. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा आणि स्पर्शाला गुळगुळीत असतो. हा फिकट असतो, त्याची कड अस्पष्ट असते आणि वर बारीक कोंडा दिसतो. कॅल्शियमच्या गोळ्यांनी तो जात नाही. मॉइश्चरायझरनं आणि वेळेनं जातो. शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवून मन मोकळं करावं.

बाहेरचा मारा

दुसरा मोठा गट म्हणजे स्पर्शातून होणारा एक्झिमा, आणि यात आपल्या घराचा, शेताचा, बाजाराचा पत्ता लिहिलेला असतो. मारा दोन तऱ्हेचा. साबण, सोडा, फरशी पुसायचं द्रव्य, सतत पाण्यात हात, यांनी कुणाचीही कातडी झिजते. धुणीभांडी करणाऱ्या बायका, परिचारिका, कोळणी, हॉटेलातली मुलं यांच्या हातांना चिरा पडतात त्या यामुळे. दुसरी तऱ्हा अॅलर्जीची. एखाद्या पदार्थाची ओळख एकदा प्रतिकारशक्तीच्या वहीत लिहिली गेली की पुढे त्याचा थेंबही पुरतो. म्हणूनच लोक चक्रावतात: ‘वीस वर्षं हाच कलप लावतोय, आताच कसं झालं?’ अॅलर्जी वीस वर्षांनीही जडते.

बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातली झाडं. काजूच्या टरफलातलं तेल, आंब्याच्या देठाचा चीक आणि बिब्ब्याचं तेल यांतली रसायनं नात्यातली आहेत. कोकणात, गोव्यात काजू फोडणाऱ्या बायकांचे हात आणि हापूस उतरवणाऱ्यांच्या ओठांभोवतीचे चट्टे एकाच गोष्टीतले. धोबी कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करत, तेव्हा मानेच्या मागे, जिथे ती खूण टेकायची नेमका तिथेच, चट्टा उठायचा.

आता गाजरगवत. भारतात ते १९५५च्या सुमारास पहिल्यांदा लक्षात आलं ते पुण्यात. तिथून ते देशभर पसरलं. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. त्याचे सुकलेले बारीक कण हवेत उडतात आणि उघड्या अंगावर बसतात. १९७०च्या दशकात पुण्यातल्या रुग्णांवरूनच या त्रासाचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत गेलं. चेहरा, पापण्या, मान, कोपराची वळी, सगळं काळवंडतं आणि जाड होतं. उन्हाचा त्रास समजून बरेच जण टोपी घालून समाधान मानतात. पण ऊन हनुवटीखाली आणि कानामागे पोचत नाही. तिथेही चट्टे असतील तर हवेतून येणाऱ्या कशाचा तरी संशय घ्यावा. या गवतावर सोडायला १९८०च्या दशकात मेक्सिकोहून भुंगेरे आणले गेले. ते पानं खातात, पण गवत अजून संपलेलं नाही. बांधावर गवत उपटणाऱ्या माणसाला हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा मिळणं ही चैन समजली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. एकदा ही अॅलर्जी जडली की शेतावर जाणंच अवघड होतं, आणि शेत सोडून जायचं कुठे?

जागा बघून कारण ओळखण्याचा हा खेळ घरातही करता येतो. पावलावर इंग्रजी ‘व्ही’सारखा पट्टा उठला तर रबरी चप्पल. कपाळाच्या मधोमध खाज असेल तर टिकलीचा गोंद. त्यातल्या एका रसायनानं तिथे कायमचा पांढरा डागही पडू शकतो. कानाच्या पाळ्या, मनगट, बेंबीखाली जीन्सच्या बटणापाशी चट्टा असेल तर निकेल, जो खोट्या दागिन्यांत असतो. कानामागे आणि केसांच्या कडेनं असेल तर कलपातलं पीपीडी नावाचं रंगाचं रसायन. लग्नसराईत हातावर काढतात त्या ‘काळ्या मेंदी’तही तेच मिसळलेलं असतं. उजव्या हातानं सुरी धरणाऱ्या बाईच्या फक्त डाव्या अंगठ्याची आणि शेजारच्या दोन बोटांची टोकं चिरली असतील तर लसूण. गवंड्याचे हात आणि पोटऱ्या असतील तर सिमेंटमधलं क्रोमियम. युरोपात २००५पासून सिमेंटमधल्या या क्रोमियमवर मर्यादा आहे.

अंदाज पक्का करायला पॅच टेस्ट असते. संशयित पदार्थांचे छोटे ठिपके पाठीवर पट्ट्यांनी चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि पुढचे एक-दोन दिवस कुठे उठतंय ते बघतात. रक्ताच्या तपासणीतून ही अॅलर्जी कळत नाही.

खालून ओल, आणि बाकीचे

पायाच्या शिरा फुगलेल्या, दिवसभर उभं राहायचं काम, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला तपकिरी, खाजरा चट्टा: इथे रक्त पायात साचून राहतं आणि त्वचा आतून बिघडते. नुसत्या मलमानं हे बरं होत नाही. पाय उंचावर ठेवणं, घट्ट मोजे, शिरांवर उपचार हे केलं नाही तर तिथे जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही.

बोटांच्या कडांना आणि तळव्यांना साबुदाण्यासारखे खोल, घट्ट फोड येतात तो एक प्रकार. घामाच्या दिवसांत आणि मनावर ताण असताना तो जास्त उठतो. नाण्याएवढे गोल चट्टे हातापायांवर येतात तो दुसरा. डोक्यातला हट्टी कोंडा भुवया, नाकाच्या कडा, कानामागे उतरतो तो तिसरा. तान्ह्या बाळाच्या टाळूवरची पिवळट तेलकट खपली याच जातीची, आणि ती आपोआप जाते. मानेवर किंवा घोट्यावर एकच जागा सवयीनं खाजवून कातडं चामड्यासारखं जाड होतं तो आणखी एक. थंडीच्या कोरड्या हवेत म्हाताऱ्या माणसांच्या नडग्या आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या भेगाळतात, तोही एक्झिमाच.

‘म्हणजे नायटाच की!’

नायटा किंवा गजकर्ण ही बुरशी. ती एकाची दुसऱ्याला लागते, टॉवेलातून, कपड्यांतून. एक्झिमा लागत नाही. ज्या मुलाला एक्झिमा आहे त्याच्या शेजारी बसायला, त्याच्या डब्यातलं खायला, त्याच्याशी कबड्डी खेळायला काहीच हरकत नाही, आणि हे शाळेतल्या बाईंनी वर्गाला सांगितलं तर त्या मुलाची खाज नाही, पण एकटेपणा नक्की कमी होईल.

दिसायला दोन्ही जवळचे. नायट्याची कड उठावदार असते आणि मध्यभाग बरा होत जातो, चट्टा कडेनं वाढतो. नाण्यासारखा एक्झिमा सगळीकडून सारखाच भरलेला असतो. तरीही डॉक्टरही कधीकधी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अशा वेळी औषधांच्या दुकानात हात दाखवून ट्यूब घेणं ही मोठी चूक ठरते. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांची मिसळ असते. नायट्यावर ती लावली की दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आतून फोफावते आणि तिचं रूप इतकं बदलतं की पुढे ओळखणं अवघड होतं. गेल्या काही वर्षांत देशभर न हटणारे नायटे वाढले, त्यामागे ही मिसळ हे एक मोठं कारण आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी आवाज उठवल्यावर २०१८ साली अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली. तरी ती सर्रास मिळतात.

‘मग स्टेरॉइड वाईटच ना?’

नाही. एवढं वाचून कुणी डॉक्टरांनी दिलेलं मलम फेकून देऊ नये. १९५२ साली हायड्रोकॉर्टिझोनचं मलम त्वचेवर वापरात आलं आणि त्याआधी डांबराचे लेप लावून दिवस काढणाऱ्यांचं आयुष्य बदललं. प्रश्न असतो तो जोर, जागा आणि मुदत यांचा. तळव्याच्या जाड कातडीला लागतं ते मलम पापणीवर लावलं तर कातडी पातळ होते. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं तर लाल शिरा, पुटकुळ्या, लव वाढते. घाबरून अगदी पुसटसं लावलं तर आग विझत नाही आणि मलम जास्त दिवस लावावं लागतं.

माप सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढा. ते झालं साधारण अर्धा ग्रॅम, आणि ते बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चेहऱ्यासाठी आणि वळ्यांसाठी टॅक्रोलिमससारखी स्टेरॉइड नसलेली मलमंही आहेत.

‘काय काय बंद करू?’

आपल्याकडे पथ्याशिवाय औषध पूर्ण वाटत नाही. वांगं, अंडं, मासे, शेंगदाणे, दूध, एकेक करून ताटातून जातं, आणि शेवटी मूल वजनात मागे पडतं. मध्यम ते तीव्र एक्झिमा असलेल्या लहान मुलांपैकी काहींना खरोखर एखाद्या अन्नाची अॅलर्जी असते, आणि ते खाल्ल्यावर थोड्याच वेळात पित्त उठणं, ओठ सुजणं, उलटी असं दिसतं. अशांनी तपासणी करावीच. पण रक्ताच्या तपासणीत दहा पदार्थांपुढे ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणून दहाही बंद करू नयेत. तो आकडा ओळख दाखवतो, त्रास होईलच असं सांगत नाही. मोठ्यांच्या हातावरच्या एक्झिमाचा वांग्याशी बहुधा काही संबंध नसतो.

रोजची सारवण

सारवण एकदा करून भागत नाही, हे आजीला माहीत होतं. त्वचेचंही तसंच. पाच-दहा मिनिटांची, कोमट पाण्याची अंघोळ; सौम्य साबण, तोही लागेल तिथेच; घासणी आणि डाळीच्या पिठाचं चोळणं बंद; टॉवेलनं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर थापायचं. थापायचं म्हणजे खरंच थापायचं. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत एक्झिमा असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगितलं आहे. आपल्याकडे पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात आणि ‘गुण येत नाही’ म्हणतात. महाग क्रीम हवंच असं नाही. साधी पेट्रोलियम जेली चालते, आणि खोबरेल तेलाचाही सौम्य एक्झिमात उपयोग झाल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. वास जितका कमी तितकं चांगलं.

इथे एक प्रामाणिक कबुली हवी. जन्मल्यापासून रोज मॉइश्चरायझर लावलं तर एक्झिमा होणारच नाही, अशी आशा होती. ब्रिटनमध्ये चौदाशेच्या आसपास बाळांवर ते करून पाहिलं आणि २०२०मध्ये निकाल आला: टळत नाही. झालेला आटोक्यात राहतो, हे मात्र खरं.

तीव्र आजारासाठी आता नवी औषधं आहेत. दाहाचा नेमका निरोप अडवणारं डुपिलुमॅबचं इंजेक्शन २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालं, त्यानंतर गोळ्याही आल्या. किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची आहे, म्हणून मेथोट्रेक्सेटसारख्या जुन्या, स्वस्त औषधांवरच आपल्याकडे पुष्कळ भिस्त आहे.

एका गोष्टीसाठी मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. एक्झिमा असलेल्या मुलाला अचानक ताप आला, चट्ट्यांवर एकसारख्या आकाराचे, मध्ये खळगा असलेले दुखरे फोड झपाट्यानं पसरले, तर तो नागिणीच्या नात्यातल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याच रात्री दवाखाना गाठावा. आणि जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्याव्यात, रिकाम्या झालेल्यासुद्धा.